विश्लेषण : ॲनिमेची ‘ओपनिंग’ जगभर गाजतात, मग ‘एंडिंग’ कोण पाहतो?

जपानी ॲनिमे मालिकांच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी दीड-दीड मिनिटाचे गाणे असते. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे ‘बिलबोर्ड जपान’च्या वार्षिक यादीत अव्वल ठरलेले गाणे ॲनिमेचे ओपनिंगच होते. दुसरीकडे, स्ट्रीमिंग ॲपवरील ‘स्किप इंट्रो’ आणि ‘नेक्स्ट एपिसोड’ या दोन बटणांमुळे ही तीन मिनिटे पाहणे आता ऐच्छिक झाले आहे. ओपनिंगने या बदलातून वाट काढली. एंडिंगला ते का जमत नाही आणि त्यात नुकसान कोणाचे होते, याविषयी…

निमित्त काय?

‘क्रंचीरोल’ या ॲनिमे स्ट्रीमिंग सेवेच्या वार्षिक पुरस्कारांचा सोहळा २५ मे २०२५ रोजी टोकियोत झाला. त्यासाठी जगभरातील चाहत्यांनी ५ कोटी १० लाखांहून अधिक मते नोंदवली. ‘दांदादान’ या मालिकेच्या ‘ओतोनोके’ला सर्वोत्कृष्ट ओपनिंगचा आणि सर्वोत्कृष्ट गाण्याचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट एंडिंगचा मान ‘सोलो लेव्हलिंग’मधील क्रागे या गायिकेच्या ‘रिक्वेस्ट’ला मिळाला. गाण्याला एक पुरस्कार आणि गाण्यावर रचलेल्या चित्रमालिकेला दुसरा, अशी विभागणी फार थोड्या पुरस्कारांत दिसते. ॲनिमेच्या चाहत्यांसाठी मात्र ती स्वाभाविक आहे. गाणे सुमार पण चित्रे अप्रतिम, किंवा गाणे ओठांवर रुळणारे पण चित्रे कामचलाऊ, असे दोन्ही प्रकार त्यांच्या परिचयाचे असतात. वर्ष संपत आले की आवडत्या ओपनिंग-एंडिंगच्या याद्या निघतात आणि त्यावर वादही रंगतात.

ही प्रथा आली कुठून?

ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ म्हणजेच ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. सुरुवातीला तिच्या शीर्षकावर फक्त वाद्यांची धून वाजत असे, शब्द नंतर जोडले गेले. ते लिहिले होते कवी शुन्तारो तानिकावा यांनी. जपानच्या आधुनिक कवितेतील अग्रगण्य नाव असलेल्या तानिकावा यांचे नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले. त्या काळात गाण्याचे काम सरळ होते. नायकाचे नाव आणि त्याचे सामर्थ्य मुलांच्या मनावर ठसवायचे, एवढेच.

ऐंशीच्या दशकात चित्र बदलले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांना आपल्या गायकांची गाणी घराघरांत पोहोचवण्यासाठी ॲनिमेची वेळ सोयीची वाटू लागली. ‘सिटी हंटर’ या १९८७ च्या मालिकेचे ‘गेट वाइल्ड’ हे टीएम नेटवर्कचे एंडिंग या टप्प्यावरचे ठळक उदाहरण. भागातील शेवटचा प्रसंग सुरू असतानाच गाण्याचे पहिले सूर ऐकू येत आणि त्यावरच पडदा पडे. गोष्ट संपली की गाणे सुरू होते, हा संकेत त्याने मोडला. १९९५ च्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’मध्ये दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी ओपनिंगमध्ये चित्रे आणि मजकुराच्या पाट्यांचा इतका वेगवान मारा केला, की प्रेक्षकांना त्यातील खुणा शोधण्यासाठी ते पुन:पुन्हा पाहावे लागले.

नव्वद सेकंदांमागचे गणित काय?

जपानमध्ये ॲनिमे मालिकेला साधारण अर्ध्या तासाचा अवधी मिळतो. जाहिराती वगळल्या तर हातात सुमारे २४ मिनिटे उरतात. त्यात ओपनिंग दीड मिनिट आणि एंडिंग दीड मिनिट. मूळ गाणे तीन-चार मिनिटांचे असते. मालिकेसाठी त्याची जवळपास ८९ सेकंदांची आवृत्ती तयार होते. संगीतकाराला एवढ्यात सुरुवात, चढण आणि धृपद बसवावे लागते. अनेक गाणी आता ही ८९ सेकंदे डोळ्यांसमोर ठेवूनच रचली जातात.

चित्रांचा हिशेब आणखी बोलका आहे. सेकंदाला २४ फ्रेम या दराने ९० सेकंदांत २,१६० फ्रेम होतात. जपानी पद्धतीत एक रेखाचित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेमसाठी वापरले जाते. तीनचा हिशेब धरला तरी एका पात्राच्या सलग हालचालीसाठी ७२० रेखाचित्रे लागतात. मग स्टुडिओ एवढा खटाटोप का करतात? कारण हे काम एकदा केले की पुढे तीन महिने वापरता येते. बारा भागांच्या मालिकेत ओपनिंग आणि एंडिंग मिळून ३६ मिनिटे पडद्यावर दिसतात, प्रत्यक्षात काढावी लागतात ती तीनच. मालिकेची एकूण लांबी २८८ मिनिटे धरली, तर तिचा एक-अष्टमांश वेळ या तीन मिनिटांनी भरून निघतो. दर आठवड्याच्या मुदतीशी झगडणाऱ्या स्टुडिओसाठी ही मोठी सवलत आहे.

म्हणूनच ओपनिंगसाठी अनेकदा वेगळा दिग्दर्शक नेमला जातो. त्याला कथा पुढे न्यायची नसते, संवादही नसतात. मालिकेचा स्वभाव दीड मिनिटात दाखवायचा, एवढीच अट. तरुण ॲनिमेटर इथेच नजरेत भरतात. ‘जुजुत्सु कायसेन’चे पहिले आणि ‘चेनसॉ मॅन’चे एकमेव ओपनिंग करणारे शिंगो यामाशिता यांचे नाव चाहत्यांत घरोघरी पोहोचले ते प्रामुख्याने याच कामामुळे.

२०२४ मधील कोणती ओपनिंग गाजली?

वर्षाची सुरुवात ‘मॅशल’च्या दुसऱ्या पर्वाने झाली. जादू येणाऱ्यांच्या जगात जादू न येणारा, फक्त पिळदार स्नायूंच्या जोरावर निभावून नेणारा मुलगा हा तिचा नायक. क्रीपी नट्स या रॅप जोडगोळीचे ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’ हे गाणे जर्सी क्लब शैलीच्या ठेक्यावर उभे आहे. ओपनिंगमध्ये पात्रे त्यावर कोणालाही जमेल असा सोपा नाच करतात. जानेवारीत हा नाच छोट्या व्हिडीओंच्या ॲपवर पसरला आणि डिसेंबरमध्ये ते गाणे ‘बिलबोर्ड जपान’च्या वार्षिक यादीत पहिल्या क्रमांकावर होते. त्याआधी २०२३ मध्ये ‘ओशी नो को’चे ‘आयडॉल’ आणि २०२२ मध्ये ‘डीमन स्लेअर’चे ‘झान्क्योसान्का’ या स्थानावर होते. योआसोबीचे ‘आयडॉल’ तर जून २०२३ मध्ये अमेरिका वगळून जगभराची मोजदाद करणाऱ्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिले आले. तिथे पोहोचलेले ते पहिले जपानी गाणे.

जुलैमध्ये आलेल्या ‘शिकानोको नोकोनोको कोशितानतान’ची गोष्ट निराळी. डोक्यावर हरणाची शिंगे असलेल्या मुलीच्या या विनोदी मालिकेच्या शीर्षकातील अक्षरांची लय धरून ओपनिंग बेतले होते. तेवढाच तुकडा तासभर पुन:पुन्हा वाजवणारी चित्रफीत प्रसारणाआधीच प्रसिद्ध झाली आणि ज्यांनी मालिकेची एक चौकटही पाहिली नव्हती, तेही ती गुणगुणू लागले. मालिका येण्याआधी ओपनिंग लोकप्रिय झाले, म्हणजे क्रमच उलटला. याउलट ‘फ्रीरेन’च्या जानेवारीतील ‘हारु’ या ओपनिंगमध्ये कसलीच घाई नाही. योरुशिका या गटाच्या या गाण्याच्या नावात ‘वसंत’ आणि ‘आभाळ निवळणे’ असे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. हजार वर्षांहून अधिक जगलेल्या नायिकेला माणसांची ओळख उशिरा पटते, या कथेला ते शोभते.

‘ओतोनोके’च वरचढ का ठरले?

ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘दांदादान’ची नायिका मोमो भुतांवर विश्वास ठेवते, परग्रहवासीयांवर नाही. ओकारुनचे नेमके उलट. पहिल्याच भागात दोघेही चुकीचे ठरतात, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या निघतात. क्रीपी नट्सने याच मालिकेसाठी गाणे करताना ‘मोनोनोके’ म्हणजे झपाटणारी शक्ती आणि ‘ओतो’ म्हणजे ध्वनी यांची जोड घालून ‘ओतोनोके’ हा शब्द घडवला. गाणेच कानातून शिरून माणसाला झपाटते, अशी त्यामागची कल्पना.

चित्रांची बाजू आबेल गोंगोरा या स्पॅनिश दिग्दर्शकाने सांभाळली. सायन्स सारू या स्टुडिओतील गोंगोरा यांनी बारकाव्यांनी भरलेल्या चौकटींऐवजी सपाट, भडक रंग आणि त्यावर काळ्या छायाकृती वापरल्या. साठच्या दशकातील ‘अल्ट्रामॅन’ मालिकेच्या शीर्षकातील छायाकृती जपानी प्रेक्षकांना त्यातून लगेच आठवतात. ज्यांना तो संदर्भ माहीत नाही, त्यांनाही भुते आणि परग्रहवासी एकाच पटावर धावत असल्याचे कळते. गाण्याचा वेग आणि चित्रांचा साधेपणा एकमेकांना जागा देतात. ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’ चित्राशिवायही तेवढेच चालले असते. ‘ओतोनोके’ मात्र चित्रांसह पाहिल्याशिवाय पुरते कळत नाही. ओपनिंगचा पुरस्कार त्याला मिळणे म्हणूनच रास्त वाटते. पुढे मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या सहदिग्दर्शनाची जबाबदारीही गोंगोरा यांच्याकडे आली.

गाण्याचा पैसा जातो कुठे?

बहुतांश ॲनिमे मालिका ‘निर्मिती समिती’ पद्धतीने बनतात. प्रकाशक, वाहिनी, खेळणी उत्पादक आणि संगीत कंपनी एकत्र येऊन भांडवल घालतात आणि आपापल्या वाट्याचे हक्क घेतात. संगीत कंपनी समितीत असेल तर ओपनिंग-एंडिंगसाठी तिचे कलाकार येतात. गाणे चालले, तर उत्पन्न गीतकार, संगीतकार, गायक आणि कंपनीकडे वळते. चित्रे काढणाऱ्या स्टुडिओने स्वत: भांडवल घातले नसेल, तर त्याला ठरलेला मेहनताना मिळतो आणि विषय संपतो.

या साखळीत सोनी समूहाचा वाटा मोठा आहे. ‘मॅशल’ आणि ‘सोलो लेव्हलिंग’ ज्या ए-वन पिक्चर्स स्टुडिओत बनल्या, तो सोनी म्युझिकच्या ॲनिप्लेक्सचा. क्रीपी नट्सची गाणी सोनीच्या लेबलवर येतात. क्रंचीरोल २०२१ पासून सोनीकडे आहे आणि पुरस्कारही तीच देते. चाहत्यांची मते खरी असली, तरी खेळाडू आणि मैदान अनेकदा एकाच घरचे असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वेगळ्या वाटेचे उदाहरण म्हणजे २०२२ ची ‘चेनसॉ मॅन’. मापा या स्टुडिओने तिचा सगळा खर्च स्वत: उचलला आणि बारा भागांसाठी बारा वेगवेगळी एंडिंग केली. दर आठवड्याला नवा गायक, नवी चित्रशैली. म्हणजे एकदा काढून बारा वेळा वापरण्याची जी सवलत एंडिंग देते, तीच स्टुडिओने नाकारली. समितीच्या ताळेबंदात हा खर्च मंजूर होणे कठीण होते.

‘स्किप’ बटणाने काय बदलले?

नेटफ्लिक्सने ‘स्किप इंट्रो’ हे बटण २०१७ मध्ये आणले. कंपनीने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ते दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबले जाते आणि त्यातून प्रेक्षकांची एकत्रित १९५ वर्षे वाचतात. आठवड्याला एक भाग पाहताना ओपनिंग हे आमंत्रण असते. एका रात्रीत सहा भाग पाहताना तेच अडथळा वाटू लागते.

तरीही ओपनिंग टिकले, कारण त्याने मालिकेबाहेर घर शोधले. निर्माते त्याची स्वतंत्र चित्रफीत यूट्यूबवर टाकतात, त्यातले पंधरा सेकंद रील होतात, नाच होतो, रिंगटोन होते. मालिकेत ते वगळणारा प्रेक्षकही दिवसभरात ते चार वेळा ऐकतो.

एंडिंगला ही सोय नाही. त्याचा परिणाम त्याच्या जागेवर अवलंबून असतो. प्रिय पात्र नुकतेच गेले आहे, पडदा क्षणभर काळा होतो आणि मग हळूच सूर लागतात. प्रेक्षकाला श्वास घ्यायला मिळणारा हा वेळ त्या भागापासून तोडला तर उरते फक्त एक संथ गाणे. अनेक ॲप नेमक्या याच क्षणी चित्र कोपऱ्यात ढकलून पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू करतात. ओपनिंग वगळण्यासाठी प्रेक्षकाला बटण दाबावे लागते. एंडिंग पाहण्यासाठी बटण दाबावे लागते. हा फरक दिसायला लहान असला, तरी परिणाम मोठा आहे.

हक्कांचा फटकाही एंडिंगला बसला आहे. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ‘इव्हँजेलियन’ जगभर उपलब्ध केली, तेव्हा जपानबाहेरील प्रेक्षकांना प्रत्येक भागाच्या शेवटी वाजणारे ‘फ्लाय मी टू द मून’ ऐकायला मिळाले नाही. त्याऐवजी पियानोची धून टाकण्यात आली होती. चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली, कारण त्यांच्या दृष्टीने भागाचा एक तुकडाच कापला गेला होता.

भारतीय प्रेक्षकांचा संबंध कसा?

दोन हजारच्या दशकात हंगामासारख्या वाहिन्यांवर ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ पाहत मोठ्या झालेल्या पिढीला त्यांची हिंदी शीर्षकगीते तोंडपाठ आहेत. मूळ जपानी गाणी त्यांच्या कानावर फारशी पडलीच नाहीत. आता ‘सोलो लेव्हलिंग’सारख्या मालिका हिंदी, तमिळ, तेलुगूत संवाद ऐकवतात, पण ओपनिंग-एंडिंग जपानीच राहते. परिणामी, पुण्या-मुंबईतील महाविद्यालयीन प्रेक्षक संवाद हिंदीत ऐकतो आणि गाणे जपानीत गुणगुणतो. तो ही मालिका बहुधा मोबाइलवरच पाहतो. त्या पडद्यावर ‘स्किप’चे बटण अंगठ्याखालीच असते.

मग नुकसान कोणाचे?

ॲनिमेच्या श्रेयनामावलीची एक पद्धत आहे. ओपनिंगमध्ये मूळ लेखक, दिग्दर्शक, संगीतकार अशी प्रमुख नावे येतात. त्या विशिष्ट भागासाठी राबलेल्या माणसांची नावे येतात एंडिंगमध्ये. मुख्य रेखाचित्रे काढणारे, त्यांमधल्या हालचाली भरणारे, रंग देणारे, पार्श्वभूमी रंगवणारे, असे सगळे. म्हणून एंडिंगची चित्रे तीन महिने तीच राहिली, तरी त्यावरून सरकणारी नावे दर आठवड्याला बदलतात.

हीच माणसे या उद्योगात सर्वांत कमी कमावतात. ‘असोसिएशन ऑफ जॅपनीज ॲनिमेशन्स’च्या अहवालानुसार २०२३ मध्ये ॲनिमेची बाजारपेठ सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येनची होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक उत्पन्न परदेशांतून आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या कार्यगटाने २०२४ मध्ये जपानविषयी दिलेल्या अहवालात याच उद्योगातील तुटपुंजा मोबदला आणि कामाच्या प्रदीर्घ तासांवर बोट ठेवले. नवोदित ॲनिमेटरला वर्षाला १५ लाख येन इतकेही कमी मिळू शकतात, म्हणजे महिन्याला सव्वा लाख येन.

मोबदला वाढवणे प्रेक्षकाच्या हातात नाही. नाव दिसणे ही मात्र ॲनिमेटरसाठी पुढचे काम मिळवण्याची पावती असते. यूट्यूबवर गाजणाऱ्या अनेक अधिकृत चित्रफितींमधून नावे काढून टाकलेली असतात, जेणेकरून चित्रे नीट दिसावीत. मालिकेत एंडिंग आपोआप वगळले जाते. म्हणजे ओपनिंग जगभर पोहोचते ते बहुतेकदा नावांशिवाय आणि जिथे सगळी नावे आहेत, तिथे प्रेक्षक पोहोचत नाही.

वर्षाअखेरीच्या आवडत्या एंडिंगच्या याद्यांना म्हणूनच मनोरंजनापलीकडे थोडा अर्थ आहे. त्या करणाऱ्यांनी उलटी मोजणी थांबवून ती दीड मिनिटे पाहिलेली असतात. बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते. तेवढे केले, तर ‘रिक्वेस्ट’चे सूर संपेपर्यंत पडद्यावरून सरकणारी नावे निदान एकदा वाचून होतील.